नोकरी सांभाळून अर्थशास्त्रात एम.ए.: इग्नू की विद्यापीठाचे दूरशिक्षण?

कृष्णाकाठ:

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेत लेखनिक आहे आणि सध्या कर्ज विभागात काम करते. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर लगेच नोकरी लागली, पाठोपाठ लग्न झाले आणि पुढील शिक्षणाचा विषय मागे पडला. आता मुलगी तिसरीत आहे, घरी सासूबाईंचा आधार आहे, आणि अर्थशास्त्रात एम.ए. करावे असे मनाने घेतले आहे.

नोकरी सोडणे शक्य नाही. बँकेची वेळ कागदावर काहीही असली, तरी दिवसअखेरचे आकडे जुळवून बाहेर पडेपर्यंत सात वाजतात. मार्च महिन्यात तर वसुली, कॅश क्रेडिट खात्यांचे नूतनीकरण आणि ताळेबंदाची तयारी यांमुळे रविवारही हाती लागत नाही. त्यामुळे नियमित वर्गांना बसण्याचा प्रश्नच येत नाही. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र हे दोन पर्याय माझ्यासमोर आहेत.

या दोहोंपैकी बँकेतील माणसाला कोणता सोयीचा पडेल? दूरशिक्षणाची पदवी पुढे कोठे कमी लेखली जाते का? मी बारावीला गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतले होते, एम.ए. अर्थशास्त्राला बरेच गणित असते असे ऐकते, ते मला झेपेल का? आमचे शाखाधिकारी म्हणतात, एम.ए. करून काय मिळणार, त्यापेक्षा जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा द्या. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. पण पुढेमागे महाविद्यालयात शिकवावे अशी जुनी इच्छाही आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दिवसअखेर:

ताई, नमस्कार. मीही सहकारी बँकेतच अधिकारी आहे आणि इग्नूतून अर्थशास्त्रात एम.ए. केले आहे, तेव्हा जे माहीत आहे ते लिहितो.

पदवीच्या दर्जाचा प्रश्न लवकर निकालात निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षणविषयक विनियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते, आणि आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तसे पुन्हा स्पष्टही केले आहे. मान्यता मात्र विद्यापीठाचे नाव पाहून गृहीत धरू नये. आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या सत्रासाठी त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहून घ्यावे. प्रवेशासाठी आता मंडळाच्या संकेतस्थळावरून डीईबी आयडी (मंडळाचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील खात्याचा क्रमांक) लागतो. आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत फरक असेल, जो लग्नानंतर बहुतेकींच्या बाबतीत असतो, तर तेथेच अडायला होते. ते काम आधी उरकून घ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संस्था निवडताना लोक शुल्क, पुस्तके आणि केंद्राचे अंतर पाहतात. बँकेतील माणसाने सर्वांआधी वेळापत्रक पाहावे असे माझे ठाम मत आहे. इग्नूत सत्रांत परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होतात. जूनच्या परीक्षेसाठीचे स्वाध्याय (असाइनमेंट) साधारण मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये द्यायचे असतात, म्हणजे नेमके आपले क्लोजिंग चालू असताना. पुष्कळदा मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. प्रवेश मात्र जुलै आणि जानेवारी अशा दोन्ही सत्रांत मिळतो, आणि वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात जानेवारीत प्रवेश घेणाऱ्याची पहिली परीक्षा त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये येते. त्या परीक्षेचे स्वाध्याय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास द्यायचे असतात, आणि तो काळ बँकेत त्या मानाने शांत असतो. मार्च कोरडा गेला तरी एप्रिलपासून सलग महिने हाती राहतात. माझ्या ओळखीच्या ज्यांनी घाईने जुलैत प्रवेश घेतला, त्यांतील बरेचजण पहिल्याच मार्चमध्ये मागे पडले, आणि एकदा स्वाध्याय राहिले की मन उतरते.

विद्यापीठाच्या दूरशिक्षणात सत्र पद्धती असल्यामुळे परीक्षा दर सहा महिन्यांनी येते आणि दुसरे सत्र मार्चच्या आसपासच भरात असते. ज्याला सतत कोणीतरी मागे लागलेले हवे असते, त्याला ही पद्धत मानवते. इग्नूत एम.ए. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येते, काही पेपर जूनला व काही डिसेंबरला देता येतात, ही ढील आपल्यासारख्यांना फार उपयोगी पडते. तिची दुसरी बाजू अशी की कोणीही विचारत नाही. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी, परीक्षेचा अर्ज, स्वाध्यायांची पोच, गुण संकेतस्थळावर चढले की नाही, हे सगळे आपल्यालाच पाहावे लागते. स्वाध्याय दिल्याची पोच, मग ती केंद्रावरचा शिक्का असो वा ऑनलाइन मिळालेला संदेश, गुणपत्रक हाती येईपर्यंत जपून ठेवावी.

वेळेचा अंदाज इग्नूच्याच मापाने घेता येतो. एका श्रेयांकासाठी (क्रेडिट) ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका पेपरला १८० तास. असे चार पेपर वर्षात करायचे झाले तर ७२० तास, आठवड्याला सुमारे चौदा. नोकरी आणि लहान मूल असताना आठवड्याला चौदा तास रोजच्या तुकड्यांतून निघत नाहीत. दुसरा आणि चौथा शनिवार व चारही रविवार यांवरच तो डोलारा उभा राहतो, म्हणून त्या दिवसांचे काय करायचे हे घरात आधी बोलून ठरवा. रोजचा पाऊण तास फक्त वाचनाला ठेवा; लिहिणे आणि गणिते सुट्टीच्या दिवशी.

आणखी एक. बँकेची लेखी परवानगी प्रवेशाआधीच घ्या आणि ती आपल्या फाइलला लावून घ्या. सेवानियमांत तशी अट नसली तरीसुद्धा घ्या, कारण परीक्षेच्या काळात रजा मागताना तोच कागद कामाला येतो.

सहकारवाचक:

शाखाधिकाऱ्यांच्या बाजूने थोडे बोलतो. २०२३ पासून जेएआयआयबीच्या चार पेपरांपैकी एक पेपर भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तीय व्यवस्था यांवरच आहे. तो दिल्यास एम.ए.च्या भारतीय आर्थिक धोरणाच्या भागाची पायाभरणी आपोआप होते. राष्ट्रीयीकृत बँकांप्रमाणे ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दलची वेतनवाढ प्रत्येक सहकारी बँकेत मिळतेच असे नाही. ती आपल्या बँकेत आहे का, हे आधी विचारावे आणि नसल्यास वरिष्ठांना तसे नम्रपणे सांगावे.

सहकारात राहायचे असेल तर जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) विसरू नये. सहकार आयुक्तांच्या कार्यालयामार्फत मे महिन्यात ही परीक्षा होते, ती मराठीतून देता येते, आणि लेखापरीक्षण व सहकार कायदा यांचा कर्ज विभागातील माणसाला दुसऱ्या दिवसापासून उपयोग होतो. डिसेंबरच्या परीक्षेशी तिची टक्कर होत नाही, परंतु दोन्ही एकाच वर्षी करू नका.

एम.ए.चा बँकेत काहीच उपयोग नाही हे म्हणणे मात्र पुरते खरे नाही. नागरी सहकारी बँकांच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या नेमणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने जून २०२१ मध्ये जे परिपत्रक काढले, त्यात पदवी ही किमान अट ठेवून पुढे ज्या अर्हतांना प्राधान्य दिले आहे, त्यांत सीएआयआयबी (जेएआयआयबीच्या पुढची परीक्षा), सनदी लेखापाल इत्यादींच्या बरोबरीने कोणत्याही विषयातील पदव्युत्तर पदवीही आहे. लेखनिकाला ते फार दूरचे वाटेल, पण वरच्या पदांच्या जाहिराती लिहिणारे याच परिपत्रकाकडे पाहून लिहितात.

तासिका:

मी वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर, तेव्हा अध्यापनाच्या इच्छेविषयी स्पष्ट लिहिणे माझे काम आहे.

महाविद्यालयात शिकवणे म्हणजे दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. अकरावी-बारावीला शिकवायचे तर एम.ए.बरोबर बी.एड. लागते. बी.एड. नियमित आणि दोन वर्षांचे आहे, दूरशिक्षणातील बी.एड. सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी असते, बँक कर्मचाऱ्याला ते घेता येत नाही. म्हणजे नोकरी न सोडता कनिष्ठ महाविद्यालयाची वाट जवळजवळ बंद आहे, हे आजच लक्षात घ्या.

वरिष्ठ महाविद्यालयासाठी बी.एड. लागत नाही. तेथे एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय वा राज्य पातळीवरील प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असणे ही किमान अर्हता आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेते. सेटला वयाची अट नाही, नेटमधून सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र होण्यासही नाही. वयोमर्यादा आहे ती कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीला.

यातून आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. आपले उद्दिष्ट उत्तीर्ण होणे नसून पंचावन्न टक्के आहे. इग्नूत पदव्युत्तर पातळीवर स्वाध्यायात आणि परीक्षेत चाळीस टक्क्यांना उत्तीर्ण होता येते, पण मुक्त विद्यापीठांत सत्रांत परीक्षेला गुण जपून दिले जातात असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. स्वाध्यायांचा भार साधारण तीस टक्के असतो आणि ते घरी बसून, पुस्तके समोर ठेवून लिहायचे असतात. तेथे गुण सोडणारा विद्यार्थी पुढे दोन-तीन टक्क्यांसाठी तळमळतो. आंतरजालावर विकत मिळणारी तयार उत्तरे उतरवून देणाऱ्यांची तर मला कीव येते: पैसे जातात, तपासणाऱ्याला एकसारखे वीस गठ्ठे दिसतात, आणि परीक्षेत त्याच प्रश्नापुढे पेन थांबते.

जागांविषयी खोटी आशा लावणार नाही. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे तुंबलेली आहे, आणि नेट-सेट झालेले कित्येकजण माझ्याप्रमाणे तासिकांवर आहेत, ज्यांचे मानधन शैक्षणिक वर्षाच्या शेवटीही हाती पडेलच असे नाही. बँकेचा पगार सोडून या रांगेत उभे राहा असे मी कोणाला सांगणार नाही. नोकरीत राहून एम.ए. आणि सेट करून ठेवणे यात मात्र काहीच गमवावे लागत नाही. अर्थशास्त्र कला आणि वाणिज्य दोन्ही शाखांत शिकवले जाते, त्यामुळे एम.कॉम.पेक्षा या विषयाचा वाव मला अधिक वाटतो.

कृष्णाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. बी.एड.ची अडचण मला ठाऊकच नव्हती. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाचा विचार आता डोक्यातून काढला आहे. जानेवारीत प्रवेश घेण्याची सूचना पटली. दोन शंका उरल्या आहेत. इग्नूच्या अर्थशास्त्राला मराठी माध्यम नाही, आणि माझे बी.कॉम.चे बरेचसे शिक्षण मराठीतून झाले आहे. इंग्रजीतून लिहिणे जमेल का? आणि गणिताविषयी कोणीच काही बोलले नाही, याचा अर्थ ते फारच अवघड आहे असा घ्यायचा का?

सीमांत:

गणिताविषयी मी लिहिते, कारण मीही वाणिज्य शाखेची आणि एस.पी.वालीच आहे.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती या तीन पेपरांत गणित येते. विकलन (डिफरन्सिएशन), आंशिक विकलन, सारणी (मॅट्रिक्स), थोडे संकलन (इंटिग्रेशन), संभाव्यता आणि समाश्रयण (रिग्रेशन) एवढा त्याचा आवाका आहे. हे नवीन शिकणाऱ्याला जड जाते, पण त्यासाठी थेट एम.ए.चे पुस्तक उघडू नका. बालभारतीची बारावी वाणिज्य शाखेची गणिताची दोन पुस्तके घ्या. पहिल्या भागात सारणी, विकलन आणि संकलन आहे, दुसऱ्या भागात समाश्रयण, निर्देशांक आणि संभाव्यता वितरणे. प्रवेश जानेवारीत घेणार असाल तर त्याआधीचे महिने याच दोन पुस्तकांना द्या, आणि प्रत्येक उदाहरण वाचून सोडू नका, हाताने सोडवा.

एक नमुना देते, म्हणजे भीती कमी होईल. एकूण प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले नग. तिचे नगांच्या सापेक्ष विकलन केले की सीमांत प्राप्ती मिळते, आणि गुणाकाराचा नियम वापरून थोडी मांडणी केली की सूत्र हाती येते: सीमांत प्राप्ती = किंमत × (१ − १/लवचीकता). आता आकडे घाला. किंमत १०० रुपये आणि मागणीची लवचीकता २ असेल, तर सीमांत प्राप्ती ५० रुपये. लवचीकता १ असेल तर शून्य, आणि १ पेक्षा कमी असेल तर ऋण. म्हणजे मागणी अलवचीक असताना आणखी एक नग विकणारा मक्तेदार आपली एकूण प्राप्ती घटवून घेतो, आणि म्हणून तो त्या टप्प्यावर कधीच थांबत नाही. बी.कॉम.ला हेच विधान आपण आकृती काढून पाठ केलेले असते. येथे ते चार ओळींत सिद्ध होते. एवढे एकदा स्वतःच्या हाताने कागदावर उतरले की पुढच्या पानाची धास्ती राहत नाही.

इंग्रजीची काळजी मला त्या मानाने कमी वाटते. परीक्षकाला भाषेची सफाई नको असते; व्याख्या, आकृती, सूत्र आणि त्यावर चार नेमकी वाक्ये हवी असतात. इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोशावर विनामूल्य आहेत, प्रवेश घेण्यापूर्वीच सूक्ष्म अर्थशास्त्राचे एक प्रकरण उतरवून घ्या आणि त्याचा सारांश स्वतः इंग्रजीत लिहून पाहा. तो अगदीच जमला नाही, तर शिवाजी विद्यापीठाच्या केंद्राकडे माध्यमाची चौकशी करून तो पर्याय पुन्हा उघडा. माध्यमापायी विषय सोडू नका.

स्वाध्याय हाताने लिहायचे असतात हेही लक्षात ठेवा. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याचे लिहिण्याचे वळण सुटलेले असते, आणि तीन तास सलग लिहिताना बोटे आखडतात. मी सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका लिहीत असे. मुले तेवढा वेळ खोलीत येत नसत, कारण आईची परीक्षा चालू आहे हे त्यांना पटले होते.

दिवसअखेर:

सीमांत यांनी गणिताचे उत्तम लिहिले आहे. मी प्रकल्पाविषयी थोडे जोडतो, कारण कर्ज विभागात बसणाऱ्याला तेथे इतरांपेक्षा जास्त सोय आहे.

पुढे प्रकल्प करण्याची वेळ येईल तेव्हा "भारतातील सहकारी बँकिंग: समस्या आणि उपाय" अशा छापाचा विषय घेऊ नका, मार्गदर्शकांनी तो शंभरदा वाचलेला असतो. तुमच्या टेबलावरून जे जाते त्यातून विषय निवडा. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा शीतगृहांत ठेवून त्याच्या पावतीवर जे तारण कर्ज घेतले जाते, ते कोण घेतो, किती काळ ठेवतो, भाव पडले की परतफेडीचे काय होते, भाव चढण्याची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडते की व्यापाऱ्यालाच, यांपैकी एकच प्रश्न घेतला तरी प्रकल्प उभा राहतो, आणि तो दुसऱ्या कोणाला घरबसल्या लिहिता येणार नाही. पार्श्वभूमीसाठी रिझर्व्ह बँकेचा बँकिंगविषयक वार्षिक अहवाल पाहा. त्यात सहकारी बँकांवर स्वतंत्र प्रकरण असते.

यात एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते. खातेदारांची माहिती बँकेची आहे, आपली नव्हे. प्रणालीतून अहवाल काढून घरी नेणे हा नोकरीवर बेतणारा प्रकार आहे, मग उद्देश कितीही शैक्षणिक असो. संचालक मंडळाला किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून फक्त एकत्रित, नावे नसलेले आकडे मागा. ते नाकारले गेले, तर शीतगृहांवर आणि बाजार समितीच्या आवारात जाऊन स्वतःची प्रश्नावली भरून घ्या. ते अधिक कष्टाचे आहे, पण मुलाखतीत विचारले असता सांगायला तेच पुढे येते.

सांगली जिल्हा इग्नूच्या पुणे विभागीय केंद्राच्या कक्षेत येतो. अर्ज भरताना अभ्यासकेंद्र निवडण्याआधी त्या केंद्रावर अर्थशास्त्र एम.ए. चालू आहे का, हे फोन करून विचारा, आणि परीक्षेचा अर्ज उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच भरा, म्हणजे हवे ते परीक्षा केंद्र मिळण्याची शक्यता वाढते.

कृष्णाकाठ:

बेदाण्याच्या तारणाचा विषय वाचून आमच्याच शाखेतील फाइली डोळ्यांपुढे आल्या. एबीसी आयडीसाठी आज आधार आणि बी.कॉम.ची गुणपत्रिका समोर ठेवून पाहिली. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे आहेच. आधी राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र यांपैकी काय चालते याची विभागीय केंद्राकडे चौकशी करते आणि जे कळेल ते इतरांच्या उपयोगासाठी येथेच लिहिते.